ड्राफ्टचे तीन तक्ते: पडक्या संघाने वर चढावं का, हे कोणता तक्ता खरं सांगतो?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट. निवडीची एक पाळी म्हणजे एक पिक; गेल्या वर्षी जो जास्त हरला त्याला ते आधी मिळतं, आणि पिकची संघासंघांत अदलाबदलही होते. हा ड्राफ्ट जवळ आला की तळातल्या प्रत्येक संघाच्या चाहत्यांत एकच वाद पेटतो: चार पिक देऊन वरचा एक घ्यायचा की आहे तिथेच बसायचं? वाद मिटवायला सगळे ज्याच्याकडे बोट दाखवतात तो म्हणजे जिमी जॉन्सनचा तक्ता, प्रत्येक पिकची किंमत गुणांत सांगणारा. तो फुकट आहे, कुठेही सापडतो आणि पाच मिनिटांत वापरता येतो. त्याच्या जोडीला आता रिच हिलचा आणि फिट्झगेराल्ड-स्पीलबर्गर यांचा असे आणखी दोन आहेत. तिन्ही आम्ही खऱ्या सौद्यांवर लावून पाहिले.

आधी मूळ माल. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजसाठी माइक मॅकॉय यांनी हा तक्ता बनवला आणि नाव लागलं प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांचं. पहिल्या पिकला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०, शंभराव्याला १००. दोन्ही बाजूंची बेरीज करायची आणि जुळली की सौदा बरोबरीचा. यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. खेळाडू पुढे कसे निघाले यावरून हे आकडे आलेले नाहीत. संघ तेव्हा आपसात काय भावाने व्यवहार करत होते, त्यावरून आलेत. म्हणजे हा बाजारभाव आहे. माल त्या भावाला घेण्यासारखा आहे की नाही, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

घासाघीस करायला तक्ता आजही चोख आहे. २०२५ला जायंट्स ३४वरून २५वर चढले आणि जॅक्सन डार्ट या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून हल्ला चालवणारा, संघातला सगळ्यात कळीचा खेळाडू) घेतलं. दिलं काय, तर ३४ (५६०), ९९ (१०४) आणि पुढच्या वर्षीची तिसरी फेरी. २५ची किंमत ७२०. हातातले दोन मिळून ६६४, तूट ५६ची, ती उधारीवर भरली. व्यवहार तक्त्याला धरूनच झाला.

गडबड होते ती त्या 'उधारी'त. पुढच्या वर्षीच्या पिकसाठी तक्त्यात रकानाच नाही. म्हणून रूढी अशी पडली की एक वर्ष लांबचं पिक एक फेरी खाली धरायचं. पुढच्या वर्षीची पहिली फेरी म्हणजे यंदाची दुसरी, मधला भाव धरला तर साधारण ४००-४५० गुण. चांगल्या संघाचं हे पिक खरोखरच फेरीच्या शेवटी येतं, त्यामुळे त्याला ही रूढी फारशी महाग पडत नाही. पडका संघ मात्र पुढच्या वर्षीही पडका असण्याचीच शक्यता जास्त, आणि तो जे ४२० ला विकतो ते वर्षभराने २००० च्या वर निघू शकतं.

कॅरोलिना पँथर्सचा २०२३चा सौदा याच रकान्यात बुडाला. क्वार्टरबॅक ब्राइस यंगसाठी नवव्यावरून पहिल्यावर जाताना त्यांनी शिकागो बेअर्सला दिलं: ९वं पिक (१३५०), ६१वं (२९२), २०२४ची पहिली फेरी, २०२५ची दुसरी फेरी आणि वर डी. जे. मूर हा त्यांचा सर्वोत्तम रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा. हातातल्या दोन पिकचे झाले १६४२. उरलेली १३५८ची भर मूर आणि दोन उधारीची पिक मिळून घालत होती, त्यामुळे कागदावर फार काही वावगं दिसत नव्हतं. मग पँथर्सचा हंगाम २–१५ गेला, म्हणजे दोन विजय, पंधरा पराभव, आणि ते 'पुढच्या वर्षीचं' पिक निघालं थेट पहिलं. बेअर्सनी त्यावर केलेब विल्यम्स घेतला. २०२५ची दुसरी फेरी ३९वर पडली. प्रत्यक्ष भाव लावा: १३५० + २९२ + ३००० + ५१० = ५१५२, मूर वेगळा. ३००० च्या मालाला.

वॉशिंग्टनने २०१२ला हेच केलं होतं. क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी सहाव्यावरून दुसऱ्यावर जायला ६वं, ३९वं आणि पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या. पहिल्या वर्षी ग्रिफिन गाजला, संघाने गट जिंकला, त्यामुळे २०१३चं पिक २२वं (७८०) गेलं, तिथपर्यंत ठीक. मग गुडघा गेला, संघ कोसळला आणि २०१४चं पिक निघालं दुसरं (२६००). एकूण ५४९० देऊन २६०० घेतले. दोन वर्षांची उधारी म्हणजे धोका दुप्पट होत नाही, त्याहून वाढतो. कारण दुखापत, प्रशिक्षकाची हकालपट्टी, सगळं दुसऱ्या वर्षात मावतं.

आता उलट उदाहरण घ्या, ज्यात तक्ता संघाला वेड्यात काढतो. २०१८ला बफेलो बिल्स १२वरून ७वर चढले. दिली १२, ५३ आणि ५६ ही पिक, म्हणजे १२०० + ३७० + ३४० = १९१०. मिळालं ७वं (१५००) आणि सोबत अगदी शेवटचं एक किरकोळ. तक्त्याप्रमाणे ४१० गुणांचा सरळ तोटा, आतबट्ट्याचा व्यवहार. पण दिलेलं सगळं त्याच वर्षीचं होतं. ५६वं पिक सॅमी वॉटकिन्सला रॅम्सकडे पाठवून आधीच जमवलेलं, आणि १२वर ते आले होते कॉर्डी ग्लेन सिनसिनाटीला देऊन. क्वार्टरबॅक जॉश ॲलन मिळाला, पहिल्या वर्षी संघ ६–१० राहिला, तरी २०१९चं नववं पिक हातातच होतं. त्यावर एड ऑलिव्हर आला. पँथर्स आणि बिल्समधला खरा फरक इथे आहे. यंग आणि ॲलन यांच्यात कोण सरस, हे ड्राफ्टच्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. उधारी कुणी केली, हे मात्र दोन्ही दिवशी ठाऊक होतं.

तक्त्याची दुसरी खोट लहान, पण पैशाची. ३२वं पिक ५९०, ३३वं ५८०. फरक फक्त दहाचा. २०११च्या करारापासून पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय (करार आणखी एक वर्ष लांबवण्याचा हक्क) मिळतो, दुसऱ्या फेरीत मिळत नाही. क्वार्टरबॅकच्या बाबतीत हे एक वर्ष म्हणजे कोट्यवधी डॉलर. रेव्हन्सनी २०१८ला ५२वरून ३२वर उडी मारून लामार जॅक्सन घेतला, जायंट्सनी डार्ट घेतला. दोघांनी तक्ता ज्याचे दहाच गुण लावतो तीच ओळ ओलांडली. पडक्या संघाला वर चढण्याची सगळ्यात स्वस्त जागा हीच: दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीपासून पहिल्याच्या शेपटापर्यंत.

बाकीच्या दोन तक्त्यांबद्दल थोडक्यात. रिच हिलचा तक्ता अलीकडच्या सौद्यांवरून काढलेला आहे: पहिलं १०००, दुसरं ७१७, तिसरं ५१४. समोरचा संघ आज फोनवर काय मागेल याचा अंदाज जिमीपेक्षा हा जवळचा देतो. फिट्झगेराल्ड-स्पीलबर्गरची रीत वेगळी. खेळाडूला दुसरा करार केवढ्याचा मिळाला यावरून ते पिकची किंमत लावतात, त्यामुळे उतार फारच मंद. जिमीकडे ३२वं पिक पहिल्याच्या एक पंचमांश आहे. यांच्याकडे तो वाटा जवळपास दुप्पट. त्यांच्या मापाने जवळजवळ प्रत्येक ट्रेड-अप (वर चढण्याचा सौदा) महागडा दिसतो, आणि संशोधक केड मॅसी व अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांचा अभ्यासही त्याच बाजूचा: एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांत आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के. पण या तक्त्याला क्वार्टरबॅकची टंचाई कळत नाही. चार बरे गार्ड (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारे) मिळून एक क्वार्टरबॅक होत नाही.

क्वार्टरबॅक सोडून दुसऱ्या कुणासाठी वर चढायचं असेल तर ह्यूस्टनचं २०२३ बघा. दुसऱ्या पिकवर क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड घेऊन लगेच १२वरून तिसऱ्यावर उडी, विल अँडरसनसाठी. १२, ३३, पुढच्या वर्षीची पहिली आणि तिसरी फेरी गेली. परत आलं ३ आणि १०५. संघ १०–७ झाला, म्हणून दिलेली पहिली फेरी २७व्या क्रमांकावर संपली. हे त्यांना झेपलं, कारण १२वं पिक मुळात क्लीव्हलंडचं होतं आणि क्लीव्हलंडची २०२४ची पहिली फेरीही त्यांच्याच पेटीत होती. अशी शिल्लक नसेल तर हा उद्योग करू नये.

क्वार्टरबॅक आधीच असलेल्या पडक्या संघाने तर खिडकीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे विकणाऱ्याच्या जागी बसावं. २०१८ला कोल्ट्सनी तिसरं पिक जेट्सना देऊन ६, ३७, ४९ आणि पुढच्या वर्षीची दुसरी फेरी घेतली. क्वेंटन नेल्सन आणि ब्रेडन स्मिथ त्यातूनच आले आणि संघ ४–१२वरून १०–६ला गेला.

वापरायची रीत म्हणून इतकंच: मागणीचा भाव रिच हिलवर काढा, जिमीवर पडताळा, घ्यावं की नाही हे तिसऱ्यावर ठरवा. आपल्या संघाची पुढची पहिली फेरी द्यायची वेळ आली तर रूढी बाजूला ठेवून ती पाचवं पिक समजून १७०० धरा आणि पुन्हा बेरीज करा. पहिली फेरी भारतात शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. ही बेरीज गुरुवारी रात्रीच करून ठेवलेली बरी, कारण पिकचं घड्याळ चालू झालं की मोजायला वेळ मिळत नाही.