ऑटोमॅटिक काढा-भांडं: टायमरवर किती भरवसा ठेवावा

चिनी औषधांचा काढा उकळायचं विजेचं भांडं हाँगकाँगमध्ये सहज मिळतं. वर सिरॅमिकचं भांडं, खाली हीटर, आणि ‘जलद’, ‘मंद’, ‘गरम ठेवा’ अशी बटणं. सिरॅमिक ही यातली सगळ्यात चांगली गोष्ट. लोखंडी भांड्यात वनस्पतींतलं टॅनिन लोखंडाशी लागतं आणि काढा काळा पडतो. तांबं नि ॲल्युमिनियमही टाळतात.

आपल्याकडे काढा आटण्यावर मोजतात, चौथाई उरला की उतरवला. इथे हिशोब वेळेचा असतो, म्हणून टायमर खरंच उपयोगी पडतो. औषधं थंड पाण्यात अर्धा तास भिजवावीत, वर दोन बोटं पाणी राहू द्यावं. उकळी फुटल्यावर सर्दी-तापाच्या काढ्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, शक्तिवर्धक काढ्याला चाळीस मिनिटं ते तास. गाळून घेऊन कमी पाण्यात त्याच औषधांचा दुसरा काढा करायचा, दोन्ही एकत्र करून दोन वेळा घ्यायचा. साध्या नुस्ख्याला हे भांडं छान काम देतं. झाकण घट्ट असल्याने पाणी गॅसपेक्षा कमी आटतं, म्हणून सवयीपेक्षा थोडं कमीच घाला. नाहीतर लिटरभर पातळ काढा उरतो आणि अर्धा ओतून दिला जातो, म्हणजे अर्धा डोसही गेला.

अडचण येते ती सगळं एकदम टाकून बटण दाबल्यावर. दुकानदार काही औषधं वेगळ्या पुडीत देतो, त्याला कारण असतं. पुदिना शेवटची पाच मिनिटंच टाकायचा, नाहीतर त्याचं तेल वाफेबरोबर उडून जातं. इसबगोलाच्या जातीचं बी पुरचुंडीत बांधायचं; मोकळं टाकलं तर चिकट होऊन तळाला लागतं. गाढवाच्या कातड्याचा डिंक (अजियाओ) गाळलेल्या गरम काढ्यात विरघळवायचा. आणि काढा करपला तर पाणी घालून सावरू नका, टाकून द्या.

फूझी असेल तर मात्र भांड्यापाशीच थांबावं. फूझी म्हणजे आपल्या बचनागाच्याच कुळातल्या झाडाचं उपमूळ. बचनाग शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, तशी फूझीही प्रक्रिया केलेलीच हवी. चिनी औषधकोशात तिची मात्रा 3 ते 15 ग्रॅम आहे, आणि ती इतर औषधांआधी बराच वेळ उकळायला सांगितली आहे. उकळताना तिच्यातलं विष, ॲकोनिटिन, पाण्याने तुटून बरंच सौम्य होतं, पण त्याला उकळी सलग हवी. ‘मंद’वर थर्मोस्टॅट मधूनमधून हीटर बंद करतो, पाणी नुसतं गरम राहतं, टायमर मात्र मोजतच राहतो. म्हणून फूझी ‘जलद’वर ठेवा, बुडबुडे दिसल्यावर वेळ मोजा, तासभर तरी उकळा, वैद्याने जास्त सांगितलं असेल तर तितका वेळ. पाणी कमी पडलं तर उकळतंच घाला. गार पाण्याने उकळी मोडते, शिवाय तापलेलं सिरॅमिक तडकतं. हा काढा दारूबरोबर घेऊ नये.

ओठ-जीभ बधिर होणं, हातापायांना मुंग्या, धडधड, उलटी, यांपैकी काहीही जाणवलं तर लगेच दवाखाना गाठा. चिठ्ठी आणि उरलेला चोथा सोबत न्या. ॲकोनिटिनवर उतारा असं औषध नाही, उपचार हृदय सांभाळण्याचेच होतात. हाँगकाँगच्या कायद्यात कच्ची फूझी 31 विषारी औषधांच्या यादीत आहे, ती नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवरच मिळते. तेव्हा गावाहून कुणी आणलेली सुटी मुळं या भांड्यात घालूच नयेत. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दानशेन, दांगग्वे ही चिनी मुळं असलेला काढा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको.

भांडं विकत घेताना एवढं बघा: मध्येच झाकण उघडून पुडी टाकता येते का, ‘गरम ठेवा’ बंद करता येतं का (रात्रभर चालू राहिलं तर काढा गडद होतो, पुदिना वाया जातो), आणि तळ वेगळा होऊन भांडं धुता येतं का. एका माणसाला तीन लिटरचं भांडं पुरे.