जॅकी आणि शॅडोचं घरटं: बिग बेअरचा लाईव्ह कॅमेरा

2024 पासून आमच्याकडे रात्री नऊला टीव्हीवर घरटं लागतं. कॅलिफोर्नियात बिग बेअर लेकजवळ जेफ्री पाईनच्या झाडावर, जवळपास 145 फूट उंचीवर, जॅकी आणि शॅडो ही बाल्ड ईगलची, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या गरुडांची, जोडी राहते आणि फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली नावाची संस्था तिथलं सगळं युट्यूबवर चोवीस तास फुकट दाखवते. आपली रात्र म्हणजे तिकडची सकाळ, त्यामुळे वेळ मस्त जमते.

म्युझिक नाही, निवेदन नाही. वारा, फांद्यांचा आवाज, मधेच जॅकीची हाक, बस. तासभर काहीच होत नाही आणि मग शॅडो मासा नाहीतर आपल्या चांदव्यासारखा कूट नावाचा पाणपक्षी घेऊन उतरतो आणि आमच्या घरात सगळे एकदम ओरडतात. फक्त मोबाईलवर बघू नका, पिल्लं लहान असताना खळग्यात दडलेली असतात, भरवताना चोचीत काय चाललंय ते मोठ्या स्क्रीनवरच कळतं.

2025 च्या मार्चमध्ये तीन पिल्लं बाहेर आली आणि 13 तारखेच्या रात्री बर्फाचं वादळ झालं, उजाडल्यावर दोनच दिसली. माझी आई कितीतरी वेळ विचारत होती, तिसरं कुठाय गं. सोबत लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा, हा कॅमेरा काही लपवत नाही, आणि मला तेच बरोबर वाटतं. उरलेल्या दोघांची नावं तिथल्या शाळेतल्या मुलांनी मतं देऊन ठरवली, सनी आणि गिझ्मो, जूनमध्ये दोघंही उडाली.

मी स्वतः पक्ष्यांचे फोटो काढते, हिवाळ्यात भिगवणला जाते, पण घरट्यावर फोटो काढणं बंद केलंय. एकदा शिक्र्याच्या घरट्याखाली आम्ही सात-आठ जण ट्रायपॉड लावून उभे होतो, मादी समोरच्या झाडावरून नुसती ओरडत होती आणि पिल्लं उन्हात उघडी. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. बिग बेअरला कॅमेऱ्याची दुरुस्तीसुद्धा विणीचा हंगाम नसतानाच करतात, म्हणून तिथलं बघताना मनाला काही लागत नाही.

बघायचं तर जानेवारीपासून बघा, अंडी साधारण तेव्हा येतात. एप्रिलमध्ये नुसती पिल्लं बघायला आलात तर जॅकीचं अंड्यांवर बसणं हुकेल, 2024 ला बर्फात साठ तासांच्या वर ती अंडी सोडून गेली नव्हती, पाठीवर बर्फाचा थर साचलेला आणि डोळे उघडे.