अल्कलाईन पाण्याचं यंत्र: आठ महिने वापरून

मुलानं हौसेनं घेऊन दिलं, ३८ हजारांचं. तेव्हा नावं ठेवताना जीभ जरा अडखळते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही यंत्रं विकणाऱ्या सगळ्यांचं बोलणं थोड्याफार फरकानं एकच.

बसवायला आलेल्या मुलानं आधी प्रयोग दाखवला. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात यंत्राचं, दोन्हींत दर्शकाचे, म्हणजे आम्ल-अल्क पाहून रंग बदलणाऱ्या द्रवाचे, चार-चार थेंब. नळाचं हिरवं झालं, यंत्राचं जांभळं. "आजी, रक्त आम्लधर्मी झालं की रोग सुरू होतात. या पाण्याचा पीएच साडेनऊ आहे." (पीएच म्हणजे आम्ल-अल्क मोजायची पट्टी: सातच्या खाली आम्ल, वर अल्क.) मी ३१ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलंय, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार! मी नातवाची स्ट्रॉ आणली आणि त्या जांभळ्या पाण्यात फुंकत बसले. आधी निळं, मग हिरवं, मग पिवळट. अर्धं मिनिटही लागलं नसेल. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचं पाण्यात कार्बोनिक आम्ल होतं, एवढंच. असा सुमारे १५,००० मिलिमोल (मिलिमोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक) वायू शरीर रोज तयार करतं आणि फुप्फुसं तो बाहेर टाकतात. रक्तात आम्ल जरा वाढलं की श्वास आपोआप जोरात चालतो. म्हणून तर रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या पलीकडे सहसा जात नाही.

श्वासावाटे न जाणारं आम्लही असतं, मुख्यतः प्रथिनांच्या पचनातून आलेलं, रोज साधारण ६०-७० मिलिमोल. रक्तातलं बायकार्बोनेट नावाचं अल्क ते तेवढ्यापुरतं झेलतं. मूत्रपिंडं मग ते अमोनियम आणि फॉस्फेटच्या रूपात लघवीतून काढतात, शिवाय खर्ची पडलेलं बायकार्बोनेट नव्यानं भरून देतात. फुप्फुसांचं काम मिनिटांत होतं, यांना दिवस लागतात.

आता यंत्राचा हिशेब. साडेनऊ पीएचच्या एक लिटर पाण्यात हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्क, किती? ०.०३ मिलिमोल. शेजारच्या काकांची किडनी कमजोर आहे, डॉक्टरांनी त्यांना खायच्या सोड्याच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्यात. एका गोळीत जवळजवळ ६ मिलिमोल अल्क. तेवढ्यासाठी यंत्राचं पाणी प्यायचं तर दोनशे लिटर लागेल! काकांनी हे यंत्र घ्यायचं ठरवलं होतं, मी कागदावर गणित मांडून दाखवलं. (गोळ्याही आपल्या मनानं कुणी खाऊ नयेत, त्यात सोडियम असतं.) आणि प्यायलेलं पाणी आधी पोटात जातं. तिथलं आम्ल दोन पीएचच्या आसपास, त्यापुढे साडेनऊ ते काय टिकणार?

बाकी, आतला फिल्टर चांगला आहे. क्लोरीनचा वास गेला. पण आमचं पाणी जड, त्यामुळे चौथ्याच महिन्यात आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर बसला. सर्व्हिसवाल्यांना तीन फोन केले, मग माणूस आला, आणि ते सायट्रिक आम्लानं धुऊन गेला. अल्कलाईन यंत्र आम्लानं धुवायचं, मला फार मजा वाटली. चहाला मात्र हे पाणी वापरू नका, कोरा चहा काळाकुट्ट दिसतो.

पाचपैकी दोन तारे. एक फिल्टरला, दुसरा थेंबांच्या बाटलीला. ती नातवानं पळवलीये आणि सध्या घरातलं ताक, लिंबू, साबणाचं पाणी, सगळं तपासून झालंय.