एलएलबीच्या फॉर्मवर नाव माझं, मोबाईल नंबर त्याचा

गेल्या वर्षी तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेण्याच्या खटपटीत माझे ८३ हजार रुपये गेले आणि वर्षही गेलं. पैशांचं दुःख आहेच. पण घरच्यांना पटवून, नोकरीच्या वेळा बदलून घेऊन कसंबसं मिळवलेलं ते वर्ष होतं. आता पुन्हा सगळ्यांना पहिल्यापासून पटवायचं, याचा त्रास जास्त होतो. प्रवेश परीक्षेच्या ज्या क्लासनं मला फसवलं, त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. पण फसवण्याची पद्धत मात्र सगळी सांगते. पुण्यात दर वर्षी बाहेरगावाहून मुलं येतात, माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बायका येतात. त्यांच्यापर्यंत हे पोचावं, एवढ्यासाठीच लिहायला बसले.

माझं वय ३८. बीकॉम झालं २००८ साली, ५१ टक्के. धायरीला राहते, मार्केट यार्डात एका आडत्याकडे हिशेब बघते. वकिली शिकावी असं मनात आलं ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वाटपाच्या दाव्यामुळे. शिवाजीनगर कोर्टात त्यांच्याबरोबर तारखांना जाऊन जाऊन रोजनामा, कैफियत, फेरफार हे शब्द कानावर पडत गेले आणि आपल्याला यातलं काहीच वाचता येत नाही याची चीड यायला लागली. २०२४च्या दिवाळीत ठरवलं, सीईटी, म्हणजे एलएलबीची प्रवेश परीक्षा, द्यायची.

टिळक रोडच्या मागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तो क्लास होता. 'लॉ सीईटी, शंभर टक्के प्रवेशाची हमी' अशी पाटी. आत साधारण पस्तिशीचा माणूस, बोलायला अतिशय गोड. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं मला तीन गोष्टी सांगितल्या. "ताई, तुमचा सोळा वर्षांचा गॅप आहे, असे फॉर्म रिजेक्ट होतात, पण आपण गॅपचं करून देतो." "वयाचंही बघावं लागेल." आणि "नोकरी करताय ना? हजेरीचं टेन्शन घेऊ नका, घरी बसून डिग्री होईल."

तिन्ही खोटं होतं. तीन वर्षांच्या एलएलबीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४०. सीईटीला वयाची वरची अट नाही. गॅप पडला असेल तर तसं प्रतिज्ञापत्र आपणच करून द्यायचं असतं, ते काही कुणी 'काढून' देण्याची वस्तू नाही. आणि वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत ७० टक्के हजेरी लिहिलेली आहे. घरी बसून किंवा पत्राद्वारे केलेल्या एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही. हे सगळं, ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत आणि बार कौन्सिलच्या नियमांत छापलेलं आहे. मी ते तेव्हा उघडूनही पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांनी विद्यार्थी म्हणून कुणासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती आणि त्या माणसानं ती पहिल्या भेटीतच ओळखली. 'तुमची केस वेगळी आहे, तुम्हाला एकटीला जमणार नाही' हे वाक्य त्यानं नंतर किती वेळा म्हटलं, त्याची गणती नाही. माझी केस अजिबात वेगळी नव्हती.

फी २८ हजार. तीन हजार मी यूपीआयनं दिले, तेही त्याच्या खासगी खात्यावर. बाकीचे २५ हजार रोख, "जीएसटी वाचेल" म्हणून. पावती म्हणून वहीचं पान फाडून दिलं, त्यावर 'नोट्ससाठी' एवढंच. त्या पानावर ना शिक्का, ना नोंदणी क्रमांक. तिथंच उठून यायला हवं होतं.

शिकवणं कसं होतं तेही सांगते, कारण त्यावरूनही खरं-खोटं कळतं. झेरॉक्स नोट्समध्ये खुनाला कलम ३०२ आणि फसवणुकीला ४२०. ही जुन्या दंड संहितेतली कलमं. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली, त्यात खुनाची शिक्षा कलम १०३मध्ये आणि फसवणूक कलम ३१८मध्ये गेली. दिवाळीनंतर सुरू झालेल्या बॅचला जुनी कलमं पाठ करायला लावत होते. मी अप्पा बळवंत चौकातून नव्या संहितेचं पुस्तक आणलं तेव्हा हे लक्षात आलं. विचारलं, तर म्हणाला, "ताई, परीक्षेत जुनंच येतं."

दुसरी गोष्ट याहून वाईट. सराव परीक्षेत तो आम्हाला सांगायचा की खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. हा नियम क्लॅटचा आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या त्या परीक्षेत १२० प्रश्न असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण जातो. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीत नकारात्मक गुण नाहीतच. म्हणजे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. दोन महिने मी प्रश्न सोडायची सवय लावून घेतली होती. परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना पेरूगेटजवळच्या अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या मुलानं सांगितलं, तेव्हा माहितीपुस्तिका डाउनलोड करून स्वतः वाचली. प्रश्न मराठीतही असतात, हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. क्लासमध्ये ते कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजीच्या भीतीनं तिथं आणखी चार महिने 'स्पेशल बॅच' घेणाऱ्या मुली होत्या.

आता मुख्य गोष्ट. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा त्यानं सगळ्यांची कागदपत्रं क्लासवर मागवली. आम्ही बाहेर बाकावर, तो आत कॉम्प्युटरवर. "ओटीपी पंधरा वेळा येतो, तुम्हाला धावपळ नको," असं म्हणत त्यानं नोंदणीला स्वतःच्या क्लासचा मोबाईल नंबर आणि ईमेल टाकला. पासवर्डही त्याचाच. मला हातात मिळाला फक्त प्रिंटआउट. फॉर्म आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र मिळून पाच हजार घेतले. परीक्षेचं शुल्क थेट सीईटी कक्षाच्या नावे ऑनलाइन जातं, त्याची पावती वेबसाइटवर निघते. ती मी पुढं पाहिली तेव्हा कळलं, त्यानं त्याच्या कितीतरी पट उकळले होते. पण पाच हजारांचं काही नाही. त्या संध्याकाळी मी माझ्या प्रवेशाची किल्लीच त्याला देऊन घरी आले होते.

परीक्षा बरी गेली, निकालही बरा लागला. अभ्यासिकेतल्या मुलांनी आदल्या वर्षीचे कट-ऑफ काढून दाखवले, त्यावरून पुण्यातल्या दोन-तीन जुन्या अनुदानित कॉलेजांत माझा नंबर लागण्यासारखा होता. मला सकाळचे वर्ग हवे होते, म्हणजे नोकरी टिकली असती. मी हे क्लासमध्ये सांगितलं, तर तो हसला. "ताई, मेरिट दाखवायला असतं. सीट ब्लॉक करावी लागते. ५० हजार द्या, मॅनेजमेंटमधून पक्की करतो, पुढं फीमध्ये वळती होतील." त्याच महिन्यात माझी भिशी लागली होती. २० हजार यूपीआयनं दिले, ३० हजार रोख. ह्यांनी विचारलं, "पावती?" मी म्हटलं, "प्रवेश झाल्यावर देणारेत."

इथं थांबून सांगते, कारण या ठिकाणी सगळ्यात जास्त लोक अडकतात. कॉलेजच्या ठरलेल्या फीशिवाय प्रवेशासाठी वेगळे पैसे घेणं महाराष्ट्रात १९८७च्या कॅपिटेशन फी विरोधी कायद्यानं गुन्हा आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. संस्था पातळीवरच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या जागा असतात, पण त्यासुद्धा सीईटी आणि गुणवत्तेनुसारच भरायच्या असतात, टिळक रोडच्या गल्लीतून नव्हे. 'सीट ब्लॉक' नावाचा प्रकार केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत नाही. त्यात आपण कॉलेजांची पसंती क्रमानं भरतो, यादी गुणांप्रमाणे लागते, आणि जागा मिळाली की ती आपल्या लॉगिनमधून स्वीकारायची असते.

पसंतीक्रम भरल्यावर त्यानं मला एक कागद दिला. त्यावर आठ कॉलेजं, मी सांगितली होती त्याच क्रमानं. तो घेऊन मी डेक्कनजवळच्या एका कॉलेजात गेले, कागदपत्रं कुठली लागतात ते विचारायला. खिडकीवरच्या बाईंनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "मॅडम, हा पोर्टलवरचा फॉर्म नाही. यावर अर्ज क्रमांक कुठंय? लॉगिन करून बघा ना." मी म्हटलं, पासवर्ड नाही माझ्याकडे. त्यांनी 'पासवर्ड विसरलात' वर जायला सांगितलं. ओटीपी ज्या नंबरवर गेला, त्याचे शेवटचे दोन आकडे स्क्रीनवर दिसत होते. ते माझे नव्हते. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पाण्याचा ग्लास पुढं केला.

सीईटी कक्षाच्या हेल्पलाइनला फोन, ईमेल, आधार कार्ड आणि सहीचा अर्ज, असं करत लॉगिन हातात यायला आठवडा गेला. उघडलं तर पसंतीक्रमात एकच कॉलेज. शहराबाहेरचं, खासगी, धायरीहून दोन बस बदलून जावं लागेल असं. वर्ग दुपारचे. पहिल्या फेरीत तेच मिळालं होतं. आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की पुढच्या फेरीत भाग घेता येत नाही, असा त्या वर्षीचा नियम होता. आठ कॉलेजं भरली असती तर कदाचित पहिलं मिळालं नसतं, पण तिसरं नक्की मिळालं असतं. एकच भरलं की तेच पहिलं ठरतं. त्या कॉलेजात माणूस पाठवला की ठरावीक रक्कम मिळते, असं त्याच्याकडे आधी कामाला असलेल्या मुलीनं मला नंतर सांगितलं. आमच्या बॅचमधल्या आणखी चौघींना तेच कॉलेज मिळालं. दोघींनी घेतलं.

मी घेतलं नाही. नोकरी सोडून दुपारचं कॉलेज आणि वर ती फी, हे आमच्या घराला झेपणारं नव्हतं.

पुढं काय केलं ते सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा. मी पाच आठवड्यांनी केला, तोवर खात्यातून पैसे हलले होते. चौकीत तोंडी सांगून आले होते, त्याचा काही उपयोग झाला नाही. अण्णांच्या वकीलसाहेबांनी लेखी अर्ज करून दिला: न्याय संहितेचं कलम ३१८ आणि दुसऱ्याचा पासवर्ड वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क (66C). अर्जाची पोच घेतली. मग वकिलांची नोटीस गेली. तेव्हा त्याचा फोन आला, "ताई, वीस हजार घ्या आणि काही तक्रार नाही असं लिहून द्या." वकीलसाहेब म्हणाले, सही करायची नाही. मी केली नाही.

ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि स्वतः उभं राहूनही बोलता येतं. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. माझ्या ८३ हजारांपैकी कागदावर दाखवता येतात ते फक्त यूपीआयचे २३ हजार. ते वहीचं पान, तो खोटा पसंतीक्रम, त्याचे व्हॉट्सअॅपवरचे आवाजी निरोप, सगळं मी जपून ठेवलंय. बॅचमधल्या एकीनं रागानं तिची पावती फाडून टाकली होती. तुम्ही फाडू नका.

यंदा फॉर्म मी स्वतः भरला. शांतपणे वाचत भरला तरी एका बैठकीत झाला, आणि अडलं तिथं माहितीपुस्तिका उघडून पाहिली. इतक्याशा कामासाठी मी काय काय दिलं, हे त्या रात्री जास्त लागलं.

त्यानंतर काही दिवसांनी अभ्यासिकेत बार्शीची एक मुलगी भेटली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, पहिल्यांदाच घर सोडून आलेली. म्हणाली, क्लास लावलाय, पाच हजार बुकिंग दिलंय, उरलेले सोमवारी द्यायचेत, फॉर्मही तेच भरणार आहेत. पत्ता विचारला. गल्ली तीच, जिना तोच, दुसरा मजला. फक्त पाटीवरचं नाव नवीन. मी तिला माझं ते वहीचं पान दाखवलं आणि तिच्याकडचं पान बाजूला ठेवायला सांगितलं. अक्षर एकच होतं.

सोमवारी ती तिथं गेली नाही. आम्ही अभ्यासिकेखालच्या चहाच्या टपरीजवळ बाकावर बसून तिच्या फोनवरून नोंदणी केली. मोबाईल नंबर तिचा, ईमेल तिचा, पासवर्ड टाकताना मी तोंड दुसरीकडे वळवलं. ओटीपी आला तेव्हा फोन तिच्याच हातात वाजला.