लसावि ते एलसीएम: मिशनच्या शाळेतली लेकीची सहावी

माझी लेक पाचवीपर्यंत आमच्या पेठेतल्या मराठी शाळेत होती. गेल्या जूनमध्ये तिला कोल्हापुरातल्याच एका कॅथलिक इंग्रजी शाळेत सहावीत घातलं. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. प्रवेशाच्या वेळी मी ज्याला त्याला विचारत फिरले होते, पण कानावर आलं ते सगळं ऐकीव. "शिस्त लई कडक हाय", "पोरं मराठी विसरत्यात", "प्रार्थना करायला लावत्यात". या वर्षी ओळखीतल्या तिघी मला तेच विचारतायत, म्हणून सविस्तर लिहिते. शाळेचं नाव देत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या मी शाळेत जाऊन बोलले आहे.

आधी अभ्यासाचं. कॉन्व्हेंट म्हणजे काहीतरी वेगळी पुस्तकं असणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. काही शाळांत दिल्लीची बोर्डं असतात, पण आमची शाळा राज्य मंडळाची आहे. विज्ञान, गणित, इतिहास, भूगोल, सगळी बालभारतीचीच पुस्तकं, फक्त इंग्रजीतली. म्हणजे धडे तेच आणि शब्द परके. पहिले दोन महिने लेकीचं जे काही झालं ते या शब्दांमुळे. गणितात ती चांगली होती. लसावि, मसावि तोंडपाठ. आणि पहिल्याच चाचणीत एलसीएम काढा असं आलं, तर पेपर कोरा. घरी येऊन रडली. "आई, मला येत होतं गं, पण ते काय विचारलंय तेच कळलं नाही." मीही त्या रात्री नीट झोपले नाही. आपण तिला उगीच हलवलं का, हाच विचार.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या टीचरना भेटले. त्यांनी जे केलं त्यासाठी मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहीन. एका शंभर पानी वहीत मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. अंश, छेद, लसावि, काटकोन, परिमिती. पहिल्या सत्रभर वर्गकामात तिला मराठी शब्द लिहायची मुभा दिली आणि स्वतः बाजूला लाल पेनानं इंग्रजी शब्द लिहून देत राहिल्या. पंचावन्न मुलांच्या वर्गात हे करायला किती वेळ लागतो, याची मला कल्पना आहे. विज्ञानाच्या टीचरनी तीच वही पुढे चालवली. दिवाळीनंतर ती वही उघडायची गरज जवळजवळ संपली. तुमचं मूल मराठी माध्यमातून येत असेल, तर मे महिन्यातच अशी वही सुरू करा. आमचे दोन महिने रडारडीत गेले, ते वाचले असते.

आता प्रार्थनेचं, कारण माझ्या सासूबाईंची सगळ्यात मोठी काळजी तीच होती. सकाळच्या असेंब्लीत एक छोटी सर्वसाधारण प्रार्थना, सुविचार, बातम्या, राष्ट्रगीत, राज्यगीत आणि रोज संविधानाची उद्देशिका. ही उद्देशिका रोज म्हणतात याचं मला नवल वाटलं होतं. मग कळलं, की एप्रिल २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंच आपल्या शाळांना तशा सूचना दिल्या आहेत: असेंब्लीत उद्देशिका म्हणून घ्या आणि इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका. तसंही संविधानाच्या कलम २८ प्रमाणे, मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासना घ्यायला लावता येत नाही. आमच्या शाळेत आठवड्यातून दोनदा कॅथलिक मुलं वेगळ्या खोलीत धर्मशिक्षणाला जातात, आणि बाकीच्यांना तेव्हा मूल्यशिक्षणाचा तास असतो.

हा तास माझ्या लेकीचा सगळ्यात आवडता. ऑगस्टमध्ये सिस्टरनी गृहपाठ दिला: तुमच्या घरासाठी रोज राबणाऱ्या पाच माणसांची पूर्ण नावं लिहून आणा. घरातली माणसं सोडून. लेक मला विचारायला लागली, "घंटागाडीवाल्या मामांचं नाव काय?" मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं ते आमच्या दारात येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली थांबून विचारून आली. दूधवाले, रिक्षामामा, जिना झाडणाऱ्या मावशी, सगळ्यांची नावं आडनावासह वहीत. सासूबाईंनी ती वही हातात घेऊन वाचली आणि त्यानंतर घरात प्रार्थनेचा विषय निघाला नाही.

मूल्यमापनाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सहावीला निम्मे गुण आकारिक (वर्षभरातल्या कामाचं) आणि निम्मे संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं) मूल्यमापनाचे. सातवी-आठवीत आकारिक ४० टक्के, संकलित ६० टक्के. पद्धत चांगली आहे. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प यांतून मूल कसं शिकतंय ते दिसावं, हा तिचा हेतू. पण प्रत्यक्षात प्रकल्प म्हणजे पुठ्ठा, चकाकी कागद आणि रात्री अकराला आईबाप. ज्वालामुखीची प्रतिकृती मी केली, लेकीनं नाही, आणि तिला त्याचे पैकीच्या पैकी गुण मिळाले. मला ते लागलं. पालक सभेत मी उभी राहून म्हटलं, की प्रकल्प शाळेतच करून घ्या, साहित्य आम्ही देतो. चार-पाच पालकांनी साथ दिली. दुसऱ्या सत्रात दोन विषयांचे प्रकल्प शाळेत झाले. बाकीचे अजून घरीच येतात.

याउलट इतिहास ज्या तऱ्हेनं झाला, त्याला तोड नाही. सहावीला प्राचीन भारत आहे. रोमशी व्यापाराचा भाग आला तेव्हा टीचर वर्गाला टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात घेऊन गेल्या. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथे आहे. रोमन जगातला समुद्रदेव, आपल्या गावात! मी कोल्हापुरात जन्मले, टाऊन हॉलच्या बागेत खेळले, पण ही मूर्ती मला लेकीनं दाखवली. पुढच्या रविवारी ती आम्हाला ओढत ब्रह्मपुरीवर घेऊन गेली.

शिस्त कडक आहे, हे खरं. दोन वेण्या, रिबिनी, शनिवारी पांढरे बूट. डायरी हा तिथला कणा: रजा, शेरा, गृहपाठ, सगळं तिच्यात आणि रोज पालकांची सही. नागपंचमीला लेकीनं हातावर मेंदी काढली, तर डायरीत शेरा आला. मला तो पटला नाही, अजूनही पटत नाही. सणाची मेंदी आठ-दहा दिवसांत जाते, त्यासाठी पोरीनं वर्गात हात लपवून बसावं का? मी पत्र दिलं. नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर मिळालं. पुढच्या श्रावणात मी पुन्हा पत्र देणार आहे.

खेळात फुटबॉल. कोल्हापुरात ते सांगायला नकोच, पण मुलींचाही संघ आहे आणि मैदान त्यांना आठवड्यातून दोनदा मिळतं, हे महत्त्वाचं.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळेल का, असं सारखं विचारतात. नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार आमच्यासारख्या अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू होत नाही. फी आणि रिक्षाचा खर्च धरूनच निर्णय घ्या.

शेवटी मराठीचं, कारण माझा जीव तिथेच अडकला आहे. २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे, आणि आमच्या शाळेत तास नीट होतात. पण पुस्तक सुलभभारती, म्हणजे इतर माध्यमांच्या मुलांसाठीचं सोपं मराठी. पाचवीपर्यंत मराठी माध्यमाचं बालभारती वाचलेल्या मुलीला ते हातचा मळ. कष्ट नाहीत म्हणून वाढ नाही. फेब्रुवारीत कपिलतीर्थ मंडईत भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "एकोणऐंशी झालं बघ," आणि माझी लेक क्षणभर थांबली. तिनं मनात सेव्हंटी नाइन केलं, मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. नऊ महिन्यांत एवढं.

तेव्हापासून रोज रात्री अर्धा तास ती मला मराठी वाचून दाखवते. कथा, वर्तमानपत्र, काहीही. शिवाय ग्रंथालयात एक मराठी पुस्तकांचं कपाट आहे आणि ते कुलूपबंद असतं, असं तिनंच सांगितलं. मी ग्रंथपाल बाईंना भेटले. मुलं मागत नाहीत म्हणून उघडत नाही, असं त्या म्हणाल्या. लेकीनं वर्गातल्या सतरा जणांच्या सह्यांचा अर्ज दिला. जूनपासून दर शनिवारी मधल्या सुट्टीत कपाट उघडं राहील, आणि नोंदवही लिहायचं काम सातवीतल्या मुलींकडे असेल. पहिल्या शनिवारची पाळी तिनं आत्ताच मागून ठेवली आहे.