सिव्हिल लाईन्समधली जुनी ऑफिस बिल्डिंग विकून देणारी सर्व्हिस : पाचपैकी साडेतीन

ज्यांची सिव्हिल लाईन्स, सदर, धंतोली, रामदासपेठ या भागात जुनी प्रॉपर्टी आहे आणि घरात विकायचं विकायचं चाललंय त्यांनीच वाचा, फ्लॅटवाल्यांना याचा फारसा उपयोग नाही. फर्मचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि नागपूर लहान आहे, उद्या कोणाच्या तरी लग्नात समोरासमोर यायचं. पण काम काय केलं आणि काय नाही केलं ते सगळं लिहिते. कागद तयार करण्यात हे लोक एक नंबर, गिऱ्हाईक आणण्यात ठीकठाक, आणि टॅक्सच्या बाबतीत त्यांच्या भरवशावर अजिबात राहू नका.

बिल्डिंग कशी तर दोन मजली, दगडी पाया, चुन्यातल्या हातभर जाड भिंती, सागवानी तुळया, वर कौलं आणि समोर लांबच लांब व्हरांडा. घर म्हणून कधीच वापरली नाही, पहिल्यापासून ऑफिसलाच दिलेली. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं तेव्हा भाडेकरूंची लाईन असायची म्हणे, मग राजधानी भोपाळला गेली, आपण मुंबई राज्यात गेलो, ऑफिसं रिकामी झाली. त्यानंतर कधी विमावाले, कधी सहकारी संस्था, कधी वकील असं चालत राहिलं. बाबा गेल्यावर कौलं कोणी फिरवायची, टॅक्स कोणी भरायचा यावरून घरात कटकटी सुरू झाल्या, एक काका पुण्यात, आत्या अमरावतीला, चुलत भाऊ अमेरिकेत. म्हणून विकायला काढली. वाईट वाटलं का तर हो वाटलं, पण ते इथे लिहून काय करू.

आधी जे दोन-तीन ब्रोकर येऊन गेले त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, भाव काय धरून राहिले तुम्ही?" या फर्मच्या माणसाने भाव विचारलाच नाही, म्हणाला आखीव पत्रिका दाखवा, म्हणजे जागा कोणाच्या नावावर आणि कोणत्या हक्काने आहे ते सांगणारा सरकारी कागद. मला तिथेच पटला तो. कारण सिव्हिल लाईन्समध्ये बंगला कितीही देखणा असू दे, खालची जमीन कोणाची हाच खरा सवाल आहे. तिथली कितीतरी जमीन नझुलची, म्हणजे सरकारने लीजवर दिलेली, लीज संपली की नूतनीकरण, विकायची तर कलेक्टरची परवानगी आणि वरून अनर्जित उत्पन्नातला, म्हणजे जागेचा भाव वाढून झालेल्या फायद्यातला, सरकारचा हिस्सा. लोक तीन पिढ्या राहून राहिले असतात आणि त्यांना वाटतं जागा आपलीच. आमच्या बाबांनी २०१९ चे नियम आल्यावर पैसे भरून भोगवटादार वर्ग १, म्हणजे जागा पूर्ण आपल्या मालकीची, करून घेतलं होतं, तेव्हा सगळे त्यांना हसले होते की एवढे पैसे कशाला घालता सरकारात. आज त्याच एका नोंदीवर आमचा सौदा उभा राहिला. फर्मवाला म्हणाला, "ही नोंद नसती नं, तर मी तुम्हाला चहा पाजून परत पाठवलं असतं."

पण वर्ग १ झालं तरी पत्रिकेवर नाव अजून आजोबांचंच. मग वारसान फेरफार आला, म्हणजे आजोबांच्या जागी वारसांची नावं चढवणं. इथे त्यांचं खरंच कौतुक करते. आपल्याकडे पद्धत अशी की आत्याला बोलवायचं, साडी-चोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. या लोकांनी ते सुचवलंच नाही. उलट त्यांच्या वकील मॅडमने काकांना तोंडावर सांगितलं की १९५६ च्या कायद्यापासून मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, आत्यांना हिस्सा सोडायचा असेल तर त्यांनी स्वतःहून सोडावा, नाहीतर त्यांचं नाव पत्रिकेवर चढेल आणि चेक त्यांच्या नावाने निघेल. काका गप्प बसले. आत्यांनी हिस्सा घेतला आणि चांगलं केलं असं माझं मत आहे, कोणाला पटो न पटो.

मोजणीही त्यांनीच करून आणली, भूमी अभिलेखमध्ये फी भरण्यापासून मोजणीवाल्यासोबत उन्हात उभं राहण्यापर्यंत, आणि मे महिन्यातलं नागपूरचं ऊन काय असतं ते सांगायची गरज नाही. मागची कंपाउंड वॉल शेजाऱ्याकडे थोडी सरकलेली निघाली. खरेदीदाराच्या वकिलाने शोधायच्या आधी ते आपणच शेजाऱ्याशी बोलून लिहून घेतलं हे फार बरं झालं, कारण नंतर तेच निघालं असतं तर भाव पाडायला कारण मिळालं असतं. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेवर आधीचे व्यवहार, बोजे काय आहेत ते), मराठी आणि इंग्रजी पेपरात जाहीर सूचना, पाणी-वीज-मालमत्ता कराच्या पावत्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट, सगळं एका जाडजूड फाईलमध्ये अनुक्रमणिका लावून. खरेदीवाला आला की चहा नंतर, फाईल आधी.

आता तक्रार. एवढी सुंदर फाईल बनवणाऱ्या लोकांनी जाहिरात काय टाकली तर "सिव्हिल लाईन्समध्ये प्राईम प्लॉट, जुन्या स्ट्रक्चरसह, रिडेव्हलपमेंटसाठी बेस्ट". अरे बाप्पा! बिल्डिंग हेरिटेज यादीत आहे, ग्रेड दोन. हे त्यांच्याच फाईलमध्ये पाचव्या पानावर लिहिलंय. आतले बदल, नवा वापर, थोडीफार भर, हे हेरिटेज समितीकडून मंजुरी घेऊन करता येतं, पण पाडून दहा मजले चढवायचं स्वप्न विसरा. झालं काय की ज्यांना प्लॉट पाहिजे असे बिल्डर एकामागून एक येऊन राहिले, व्हरांड्यात उभे राहून पावलांनी प्लॉट मोजून राहिले, एकाने तर तुळईला टाचणी लावून पाहिली की लाकूड किती निघेल. आणि हेरिटेज ऐकलं की गाडी रिव्हर्स. पूर्ण उन्हाळा असा वाया गेला आणि बाजारात नाव झालं की ही प्रॉपर्टी अडकलेली आहे. जाहिरात लिहिणारा पोरगा वेगळा आणि फाईल बनवणाऱ्या मॅडम वेगळ्या, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत असं माझं निदान.

भांडण केल्यावर जाहिरात बदलली. फोटो नीट काढले, सकाळच्या उन्हात, आधी मोबाईलवर काढलेल्या फोटोत अर्धी फ्रेम आमच्या वॉचमनच्या सायकलने भरली होती. "हेरिटेज इमारत, फ्रीहोल्ड, ऑफिससाठी" असं स्वच्छ लिहिलं. झिरो माईल आणि मेट्रो स्टेशन जवळ, विधान भवन जवळ, हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर, हे पण टाकलं. आणि हायकोर्ट हाच मुद्दा निघाला. ज्याला रोज कोर्टात जायचं आहे, पार्किंग पाहिजे, आणि अशिलावर छाप पाडायला उंच छताची खोली पाहिजे, त्याला टॉवर नकोच आहे. शेवटी वकिलांच्या एका ग्रुपनेच घेतली. हे डोकं पहिल्या दिवशी चाललं असतं तर मी पाच स्टार दिले असते.

टीडीआरबद्दल मात्र त्यांना चांगली माहिती होती. म्हणजे असं की हेरिटेज इमारतीवर जे बांधकाम तुम्हाला करता येत नाही त्याचा हक्क सर्टिफिकेटच्या रूपात मिळवून दुसरीकडे विकायची सोय २०२० च्या युनिफाईड डीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, आहे. आम्ही ते स्वतः काढायच्या फंदात पडलो नाही, पण भाव करताना त्यांनी तो मुद्दा टेबलवर ठेवला आणि विक्रीपत्रात तो हक्क खरेदीदाराला जातोय असं स्पष्ट लिहिलं, त्याचे पैसे लावून. तुमची बिल्डिंग यादीत असेल तर हे विचारल्याशिवाय भाव सांगू नका.

दाखवायला नेण्याबाबत एक छोटं सांगते. हिवाळी अधिवेशनाच्या काळात कोणालाच बोलवू नका. रस्ते बंद, जागोजागी बॅरिकेड, मोर्चे, पोलिस, मुंबईहून खास आलेली एक पार्टी अर्धा दिवस गाडीत बसून होती आणि शेवटी तर्री पोहे खाऊन विमानतळावर परत गेली. नागपूरच्या ब्रोकरला अधिवेशन कधी असतं हे मी सांगायचं का.

कॅशचा विषय. "किती एक नंबरात, किती दोन नंबरात" हे सगळ्यांनी विचारलं, वकिलांनी सोडून. फर्मने पहिल्या मीटिंगमध्येच सांगितलं होतं की आम्ही पूर्ण चेकचाच सौदा करतो, प्रॉपर्टीच्या बयाण्यात २०,००० किंवा त्यावर रोख घेतली तर तेवढाच दंड लागू शकतो. काकांना हे आवडलं नाही. मला खूप आवडलं.

आता टॅक्स, आणि इथे मी खरी चिडले. पहिलं रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारने भागाप्रमाणे ठरवलेल्या जागेच्या दराचं. सिव्हिल लाईन्सचा सरकारी दर तगडा आहे आणि तो धरताना तुमची इमारत पाडता येत नाही याचं सरकारला काही घेणंदेणं नाही. हेरिटेज असल्यामुळे खरा भाव खाली येतो. आता ठरलेली किंमत सरकारी किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर विकणाऱ्याला सरकारी किमतीवर कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतला नफा, मोजावा लागतो, म्हणजे न मिळालेल्या पैशावर टॅक्स, आणि खरेदीदाराला स्टॅम्प ड्युटी पण त्याच जास्तीच्या रकमेवर. यावर उपाय आहेत, मुद्रांक कार्यालयात अभिनिर्णयासाठी, म्हणजे ड्युटी कोणत्या किमतीवर ते ठरवून घ्यायला, आधी जाता येतं, इन्कम टॅक्समध्ये व्हॅल्युएशन मागता येतं. फर्मने यातलं एक अक्षर सांगितलं नाही, आमच्या सीएने ड्राफ्ट वाचताना पकडलं. आमचा फरक मर्यादेत बसला म्हणून निभावलं.

दुसरं, चुलत भाऊ. फर्मने ड्राफ्टमध्ये सगळ्यांसाठी सरळ १ टक्का टीडीएस, म्हणजे खरेदीदाराने पैसे देतानाच कापायचा टॅक्स, लिहिला. ५० लाखांच्या वरच्या सौद्यात १ टक्का कापतात ते बरोबर, पण भारतात राहणाऱ्यांसाठी. एनआरआयच्या हिश्श्याला वेगळा नियम, दर कितीतरी जास्त, आणि कमी कापून घ्यायचा असेल तर इन्कम टॅक्सकडून आधी सर्टिफिकेट आणावं लागतं, त्याला वेळ लागतो. कापला नाही तर खरेदीदार अडकतो, आणि खरेदीदार वकील आहेत म्हटल्यावर ते अडकणार थोडीच. त्या सर्टिफिकेटपायी अख्खा सौदा लटकला. दादाचं, म्हणजे या चुलत भावाचं, मुखत्यारपत्र मात्र फर्मने बरोबर केलं, तिकडे वकिलातीत सही, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प. म्हणजे परदेशातल्या माणसाचा कागद येतो, टॅक्स येत नाही.

बाकी गेनचं गणित सीएकडेच करा. जुनी प्रॉपर्टी असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतो, आणि ती किंमत त्या दिवशीच्या सरकारी किमतीच्या वर धरता येत नाही. मग १२.५ टक्के इंडेक्सेशनशिवाय की २० टक्के इंडेक्सेशनसह (म्हणजे जुनी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून), जे कमी पडेल ते, हा पर्याय इथे राहणाऱ्यांना आहे, दादाला नाही. आत्यांनी या गेनवरचा टॅक्स वाचवायला ५० लाखांपर्यंतचे बाँड घेतले, सहा महिन्यांच्या आत घ्यावे लागतात आणि पाच वर्षं हात लावता येत नाही. काकांना अजून वाटतं मी त्यांना फसवलं.

खाली व्हरांड्याच्या टोकाला टायपिंग आणि नोटरीवाले काका आहेत, फार जुने भाडेकरू, १९४९ च्या भाडे नियंत्रणाच्या आदेशाच्या काळापासूनची जागा, आधी त्यांचे वडील बसायचे. बाकी ब्रोकर म्हणाले आधी यांना काढा मग बोला. या फर्मने म्हटलं राहू द्या, भाडेकरूसकट विकू, करार आणि भाडेपावत्या फाईलमध्ये लावून खरेदीदाराला आधीच सांगू. घेणारे वकीलच निघाल्यामुळे त्यांना दारातच नोटरी मिळाला, कोणाचीच तक्रार नाही. आम्ही काढायला गेलो असतो तर कोर्टात आमची पुढची पिढी गेली असती.

रजिस्ट्रीच्या दिवशी काही त्रास झाला नाही, डेटा एन्ट्री आदल्या दिवशीच करून टोकन घेऊन ठेवलेलं, साक्षीदार हजर, आत्यांसाठी खुर्चीसुद्धा. रजिस्ट्रेशन फी कितीही मोठा सौदा असला तरी ३०,००० च्या वर नसते, ती आणि स्टॅम्प ड्युटी खरेदीदाराकडे.

फीबद्दल. २ टक्के मागितले, घासाघीस करून १ वर आणले, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो तुम्हाला परत मिळत नाही हे धरून चाला. खरेदीदाराकडूनही त्यांनी घेतलंच, नागपुरात दोन्हीकडून घेतातच. फाईलचं काम बघता १ टक्का मला महाग वाटला नाही, जाहिरातीचं बघता वाटला. त्यांच्या करारात एक क्लॉज असतो की ठरावीक मुदतीत दुसऱ्या कोणी गिऱ्हाईक आणलं, अगदी तुमच्या मेव्हण्याने आणलं, तरी कमिशन यांना. ती मुदत कमी करून घ्या, करतात ते, फक्त मागावं लागतं. आणि कमिशनचा चेक बयाण्याच्या दिवशी मागतील, तो विक्रीपत्राच्या दिवशीच द्या, तसं करारात लिहून.