नववीचं गणित: जादा तास की वर्गातच गट?

नववीच्या तुकडीत साठ मुलं, आणि त्यातली वीसेक गणितात कच्ची. मराठी माध्यमाच्या बहुतेक शाळांना हे चित्र ओळखीचं आहे. उपाय म्हणून दोनच गोष्टी पुढे येतात: शाळा सुटल्यावर जादा तास, नाहीतर तासिकेतच चार-चारांचे गट. कोणता निवडायचा हे शिक्षकांच्या आवडीवर सोडू नका. आधी मूल नेमकं कुठे अडतंय ते बघा.

त्यासाठी पाचवी ते सातवीच्या पायावर २० प्रश्नांची चाचणी घ्या: भागाकार ४, अपूर्णांक ६, दशांश ३, ऋण संख्या ४, साधी समीकरणं ३. गुण मोजून थांबू नका, चुका वाचा. −५ − ३ चं उत्तर एखादं मूल ८ लिहितं, कारण ‘वजा वजा अधिक’ हा गुणाकाराचा नियम त्यानं इथे घुसवलेला असतो. १/२ + १/३ = २/५ लिहिणारं मूल अंशात अंश, छेदात छेद मिळवतं. एकाच जातीची चूक चारपैकी तीन ठिकाणी दिसली तर पाया कच्चा; एकाच ठिकाणी दिसली तर बहुधा धांदल. अशा पायावर बहुपदी आणि दोन चलांतली समीकरणं कितीही समजावली तरी टिकत नाहीत.

पाया कच्चा असलेल्यांना जादा तासच हवा. पण जास्तीत जास्त १२ मुलं, आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटं, आणि दोन आठवड्यांत एकच घटक. शाळांची चूक इथेच होते: अख्खी तुकडी बसवतात, मग राहिलेला अभ्यासक्रम उरकायला हाच तास वापरला जातो. खेड्यावरून येणाऱ्यांची अडचण वेगळीच. पाचची एसटी चुकली की पुढची कधी, हे विचारूनच वेळ ठरवा. मुलींची गळती बहुधा इथूनच सुरू होते. जमेल तिथे तास सकाळी, शाळा भरण्याआधी ठेवा. शिवाय दिवाळीनंतर गणिताचे शिक्षक दहावीच्या तयारीत अडकतात आणि नववीचे जादा तास कागदावरच उरतात. म्हणून जुलैतच सुरुवात करा.

कल्पना कळते पण सराव नाही, अशा मुलांना गट पुरतो. जागाही लागत नाही आणि ‘ढ’चा शिक्काही बसत नाही. गट मात्र मुलांना पाडू देऊ नका. गुणानुक्रमाची यादी करून तिचे पंधरा-पंधराचे चार भाग पाडा आणि प्रत्येक भागातला एकेक घ्या: १, १६, ३१, ४६, मग २, १७, ३२, ४७. पहिला आणि साठावा एकत्र बसवलात तर फसतं: पहिला पायऱ्या गाळतो आणि साठावा नुसतं बघत बसतो.

३५ मिनिटांच्या तासिकेत १० मिनिटं फळ्यावर शिकवणं, १८ गटात, ७ तपासणी. १५ गटांपाशी एका तासात पोचणं अशक्य. रोज पाच धरले तर तीन दिवसांत फेरी पूर्ण होते. एकानं सोडवायचं आणि तिघांनी उतरवायचं, हा गटांचा जुनाच रोग. त्यावर गटाला एकच कागद द्या आणि दर पायरीला पेन दुसऱ्याच्या हातात जाऊ द्या. तपासणीत चिठ्ठी काढून कुणालाही फळ्याशी बोलवा. शेरा गटाला मिळेल, एकट्याला नाही. थोडा गलका होणारच, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावं.

एकच शिक्षक असेल आणि एसटीचाही घोळ असेल, तर गटच धरा आणि आठवड्यातली एक तासिका पायाच्या उदाहरणांना राखून ठेवा. अभ्यासक्रम थोडा मागे पडेल. तो भरून काढता येतो, ऋण चिन्हं आपोआप येत नाहीत.

सहा आठवड्यांनी तीच चाचणी आकडे बदलून पुन्हा घ्या. ज्यांची जुनी चूक गेली त्यांना जादा तासातून मोकळं करा, म्हणजे बाराची मर्यादा पाळूनही प्रतीक्षेतल्यांना जागा होते.